सरासरी चाल काढताना वेळ कोणता धरावा?

प्रश्न : नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने एक उदाहरण असे सोडवले : मोटार जळगावहून धुळ्याला ताशी 60 किलोमीटर चालीने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी 40 किलोमीटर चालीने परतली, म्हणून सरासरी चाल ताशी 50 किलोमीटर. उत्तरसूचीत मात्र 48 दिले आहे. त्याचे कुठे चुकले? तसेच मोटार वाटेत थांबली, तर तो वेळ हिशेबात धरायचा का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : उत्तरसूची बरोबर आहे. एकूण कापलेल्या अंतराला एकूण लागलेल्या वेळेने भागले की सरासरी चाल मिळते. एरंडोल-पारोळ्यावरून जाणारा हा रस्ता हिशेबापुरता 90 किलोमीटरांचा धरला, तर जाताना दीड तास आणि येताना सव्वादोन तास लागतात. म्हणजे 180 किलोमीटरांना पावणेचार तास, आणि 180 भागिले 3.75 बरोबर 48. आपल्या मुलाने दोन्ही चालींना सारखेच वजन दिले, पण मोटार ताशी 40 च्या चालीने पाऊण तास अधिक धावली असल्यामुळे सरासरी त्या बाजूला झुकते. दोन्ही चालींनी ती दोन-दोन तास धावली असती, तर 4 तासांत 200 किलोमीटर होऊन त्याचे 50 हे उत्तर अचूक ठरले असते.

अंतर 90 ऐवजी 20 घेतले तरी 48 च येते, कारण जाण्या-येण्याचे अंतर समान असल्याने ते हिशेबातून निघून जाते. यावरूनच दोन्ही चालींच्या गुणाकाराच्या दुपटीला त्यांच्या बेरजेने भागण्याचे सूत्र आले आहे. परंतु अंतरे समान असण्याची अट न सांगता ते मुलांकडून पाठ करून घेणे मला घातक वाटते.

त्याला आणखी एक प्रश्न अवश्य घाला : जाताना चाल ताशी 30 असेल, तर पूर्ण फेरीची सरासरी 60 व्हावी म्हणून परतताना किती चाल हवी? तो बहुधा 90 म्हणेल. प्रत्यक्षात 180 किलोमीटर ताशी 60 ने कापायला 3 तास लागतात आणि ते तिन्ही तास धुळ्याला पोहोचण्यातच संपलेले असतात. त्यामुळे कितीही वेगाने परतले तरी ही सरासरी गाठणे अशक्य आहे.

थांब्याचा वेळ धरायचा असतो. वरच्या प्रवासात मोटार पारोळ्याला 15 मिनिटे थांबली, तर एकूण वेळ 4 तास आणि सरासरी चाल ताशी 45 किलोमीटर होईल. उदाहरणात ‘थांबे वगळून’ असे स्पष्ट लिहिले असेल, तरच तो वेळ सोडावा.