आईंची धाप, जबड्यातली ओढ आणि नॉर्मल आलेला ईसीजी

तुम्ही लिहिले आहे की आईंचे वय 66 आहे, मधुमेह बरीच वर्षे आहे, गेल्या दोन-तीन महिन्यांपासून जिना चढताना त्यांना मध्येच थांबावे लागते आणि अधूनमधून जबड्यात व पाठीच्या वरच्या भागात ओढ लागल्यासारखे दुखते. ईसीजी नॉर्मल आला, तेव्हापासून घरात सर्वांनी, खुद्द आईंनीही, ‘पित्त असेल’ म्हणून विषय मिटवला आहे. आपण उगाच घाबरतो आहोत का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते उगाच नाही. मी डॉक्टर नाही. वडिलांच्या हृदयविकारामुळे या विषयाशी अनेक वर्षांचा संबंध आला, एवढेच. त्यामुळे आईंना काय झाले आहे हे मी सांगू शकत नाही, पण ज्या आधारावर विषय मिटवला गेला तो आधार पुरेसा नाही, हे मात्र सांगू शकते.

नेहमीचा ईसीजी हा साधारण 10 सेकंदांचा, तोही शांत पडून असताना काढलेला आलेख असतो. हृदयाची रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असली, तरी पडून असताना हृदयाला लागणारे रक्त तिच्यातून पुरेसे जाऊ शकते. तुटवडा पडतो तो जिना, चढ, ओझे किंवा मनस्ताप यांमुळे हृदयाचे काम वाढते तेव्हा. म्हणून श्रमाने छातीत दुखणाऱ्या बऱ्याच रुग्णांचा विश्रांतीतला ईसीजी अगदी स्वच्छ येतो. आधी होऊन गेलेला झटका किंवा ठोक्यांची अनियमितता त्यात दिसू शकते, आणि त्रास चालू असताना काढलेला ईसीजी फार मोलाचा असतो. पण त्रास नसताना काढलेला नॉर्मल ईसीजी म्हणजे ‘हृदय ठणठणीत’ असा दाखला नव्हे.

मग डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग कशाचा होतो? नीट सांगितलेल्या हकिकतीचा. लंडनचे वैद्य विल्यम हेबरडेन यांनी 1768 साली या दुखण्याचे जे वर्णन केले, ते ईसीजीचे यंत्र येण्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीचे आहे आणि केवळ रुग्णांचे म्हणणे ऐकून केलेले आहे: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच चालताना त्रास सुरू होतो आणि माणूस थांबला की तो ओसरतो. यातला जेवणाचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘जेवल्यावर होते, म्हणजे पित्तच’ हा तर्क आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतो. जेवणानंतर लगेच श्रम केल्यास हृदयाचे दुखणेही लवकर सुरू होऊ शकते, त्यामुळे जेवणाशी असलेल्या संबंधावरून काहीच ठरत नाही. श्रमाशी असलेल्या संबंधावरून पुष्कळ ठरते. निव्वळ पित्ताचा त्रास सहसा आडवे झाल्यावर किंवा वाकल्यावर वाढतो. जिन्याच्या मध्यावर सुरू होऊन दोन-चार मिनिटे उभे राहिल्यावर नाहीसे होणारे दुखणे पित्ताच्या खाती टाकताना थांबून विचार करावा. पित्ताच्या गोळीने बरे वाटले यावरूनही निष्कर्ष काढू नये, कारण दुखणे त्या सुमारास आपोआप ओसरले असण्याची शक्यता असते. उलट बाजूने पाहिले, तर हृदयाच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळीने अन्ननलिकेची उबळही शमू शकते, त्यामुळे तिने आलेला आराम हाही हृदयविकाराचा पुरावा ठरत नाही.

मधुमेहामुळे आईंच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतूंची संवेदना बोथट होऊ शकते आणि छातीत दुखण्याऐवजी धाप, मळमळ, घाम किंवा अकारण थकवा एवढेच जाणवू शकते. स्त्रियांमध्ये छातीतले दुखणे हे मुख्य लक्षण असतेच, पण जबडा, मान, पाठ, धाप ही सोबतची लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक वेळा आढळतात आणि ‘दगदग झाली असेल’ म्हणून सोडून दिली जातात.

आता तुमच्या मजकुरातले एक वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. ‘गेले काही दिवस त्रास कमी आहे’ असे तुम्ही लिहिले आहे. तो खरोखर कमी झाला आहे, की आईंनी जिना चढणेच कमी केले आहे? माणूस नकळत आपली हालचाल त्रासाच्या अलीकडे आणून ठेवतो: वरच्या मजल्यावर जाणे टाळतो, पिशवी दुसऱ्याकडे देतो, रस्त्यात बोलण्याच्या निमित्ताने थांबतो. माझे वडील फिरायला जाणे बंद झाल्याचे खापर गुडघ्यांवर फोडत असत. म्हणून ‘दुखते का’ असे विचारण्याऐवजी ‘सहा महिन्यांपूर्वी जे सहज करत होता, त्यातले आज काय करत नाही’ असे विचारून पाहा, आणि उत्तर डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा. त्याबरोबर प्रत्येक वेळी काय करत असताना त्रास झाला, किती वेळ टिकला, कुठे पसरला आणि थांबल्यावर गेला का, हेही लिहून ठेवा. रात्री उशा वाढवाव्या लागतात का, धाप लागून जाग येते का, घोट्यांवर सूज आहे का, दोन-तीन दिवसांत वजन दोनेक किलोने वाढले का, हे पाहावे, कारण त्यावरून हृदयाचे पंपिंग कमी पडते आहे का याचा अंदाज येतो. आईंच्या वडिलांना किंवा भावांना 55च्या आत, अथवा आईला किंवा बहिणींना 65च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तेही सांगावे.

अर्थात धाप हृदयामुळेच असते असे नाही. रक्तक्षय, थायरॉइड, फुप्फुसाचे आजार, अरुंद झालेली झडप यांपैकी काहीही असू शकते. झडपेचा संशय तर पुष्कळदा साध्या स्टेथोस्कोपनेही येतो. पुढील तपासण्यांचा क्रम डॉक्टर ठरवतील. तुम्ही एवढे लक्षात ठेवा की टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग आणि झडपा दिसतात, रक्तवाहिन्यांतले अडथळे थेट दिसत नाहीत, त्यामुळे नॉर्मल इकोवरही विषय मिटवू नये. अडथळ्यांसाठी स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) किंवा अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत डाय, म्हणजे रंगद्रव्य, सोडून काढलेली चित्रे) लागते. सीटी किंवा साधी अँजिओग्राफी ठरली, तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल आणि मधुमेहाच्या गोळ्यांची यादी आधीच दाखवा. त्यातल्या डायमुळे मूत्रपिंडांचा विचार करावा लागतो आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी काही काळ थांबवावे लागू शकते.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची नसावी, याच आठवड्यातली असावी. मात्र बसल्या जागी त्रास सुरू झाला, थांबूनही दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही, सोबत दरदरून घाम, उलटी किंवा भोवळ आली, किंवा पूर्वीपेक्षा कमी श्रमाने आणि वारंवार होऊ लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा. आईंना चालवू नका, जिना उतरवू नका, आणि दुसऱ्या कुणाची हृदयाची गोळी देऊ नका. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. ॲस्पिरिन द्यावी की नाही, हे रुग्णवाहिकेसाठी फोन केल्यावर विचारून घ्या. जोरजोरात खोकल्याने झटका टळतो असे सांगणारा निरोप फिरत असतो, त्यात तथ्य नाही. रुग्णालयात ट्रोपोनिन ही रक्ततपासणी पहिल्यांदा नॉर्मल आली तरी काही तासांनी ती पुन्हा करतात, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारे हे प्रथिन झटक्यानंतर वाढायला वेळ लागतो. दुसरा अहवाल येईपर्यंत घरी जाण्याची घाई करू नका.

राहता राहिला आईंच्या नकाराचा प्रश्न. ‘तुला हार्टचा त्रास आहे’ असे म्हटले की बहुतेक ज्येष्ठ मंडळी हट्टाला पेटतात. मधुमेहाची तपासणी करायचीच आहे, तिच्याबरोबर धाप कशाची हेही विचारून घेऊ, असे सांगा. ते खोटेही नाही. शक्य तर ज्यांच्या शब्दाला त्या मान देतात, त्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच हृदयतज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला मिळेल असे पाहा. तपासणीच्या वेळी तुम्ही स्वतः आत जा, कारण ‘काही नाही हो, थोडे पित्त होते’ हे वाक्य त्या तिथेही म्हणणार, आणि तेव्हा जिन्याची गोष्ट तुम्हालाच सांगावी लागेल. नॉर्मल आलेला तो ईसीजी मात्र फाइलमध्ये जपून न्या. नवीन ईसीजीशी ताडून पाहायला त्याचा खरा उपयोग होईल.