स्वयंचलित की स्वायत्त?

वरुडकडच्या एका बागायतदार भाऊंनी विचारलंय : फवारणीच्या ड्रोनच्या पत्रकात वर ‘स्वयंचलित’ आणि खाली ‘स्वायत्त, प्रमाणित’ असं छापलंय. दोन्ही एकच का?

एकच नाही. विहिरीवरच्या मोटरीला ‘ऑटो’ लावलेला असतो. रात्री लाइन आली की मोटर सुरू; विहिरीत पाणी आहे का, हे तो पाहत नाही. सांगून ठेवलं तेवढंच आपोआप करणारं ते स्वयंचलित. आखून दिलेल्या तासांवरून फवारत जाणारा, बॅटरी उतरली की निघाल्या जागी परतणारा ड्रोनही त्यातलाच. पण परतताना धुऱ्यावर बाया शिदोरी सोडून बसल्यात, वरून विजेची तार गेलीय, मग उतरायचं कुठं? एरवी हे रिमोट धरलेला माणूस ठरवतो. यंत्रानं ठरवलं तर ते स्वायत्त. ‘आयत्त’ म्हणजे अधीन; स्वायत्त म्हणजे स्वतःच्याच अधीन. 2021 च्या ड्रोन नियमांतही स्वायत्त प्रणाली हा वेगळा उपप्रकार आहे : जिच्या उड्डाणात पायलटनं हात घालावा लागत नाही ती.

खरी गोम ‘प्रमाणित’मध्ये आहे. डीजीसीएचं, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, टाइप सर्टिफिकेट ड्रोनच्या नमुन्याला मिळतं. त्यावरून त्याचा प्रत्येक निर्णय तपासलाय असं समजू नये. पातं किती भार सोसतं ते मोजता येतं, पण उदाहरणांवरून शिकलेल्या सॉफ्टवेअरपुढे वावरात काय काय येईल, ते सगळं आधी तपासून होत नाही. म्हणून त्याच्यावर साधी, नीट तपासता येणारी दुसरी प्रणाली पहाऱ्याला ठेवायची, मर्यादा सुटायला लागली की तिनं ताबा घ्यायचा, असा एक मार्ग अभियंते धरतात. अमेरिकेत विमानांना मान्यता देणाऱ्या एफएए या सरकारी संस्थेनं 2020 मध्ये गार्मिनच्या ‘ऑटोलँड’ला पायपर एम600 विमानासाठी मान्यता दिली. पायलट बेशुद्ध पडला तर ही प्रणाली हवामान आणि इंधन बघून धावपट्टी निवडते आणि विमान उतरवते. मान्यता आहे ती अशा आणीबाणीपुरतीच.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. ड्रोनकडे माणसं आशेनं बघतात ती उगाच नाही, आणि म्हणूनच पत्रकातला शब्द चोख हवा. तुमच्या पत्रकात मी असं लिहीन : ‘स्वयंचलित फवारणी. अडथळा आल्यास निर्णय पायलटचा. नमुन्यास टाइप सर्टिफिकेट.’ विक्रेता ‘स्वायत्त’वर अडून बसला, तर कोणता निर्णय यंत्र घेतं आणि तो प्रमाणपत्रात कुठं लिहिलाय, ते त्याला दाखवायला सांगा.