कॅन्सरचं टोपोटेकॅन अँजेलमन सिंड्रोम असलेल्या मुलीला देता येईल का?

नाही. कुणी ओळखीचा डॉक्टर "देऊन तर बघू" म्हणाला तरी नको. मात्र टोपोटेकॅनने उंदरांत या आजारातलं बंद जनुक उघडलं, ही तुम्ही वाचलेली बातमी थाप नाही. भाचीला अँजेलमन आहे, औषध भारतात मिळतं, मग अडचण काय, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. मी डॉक्टर नाही, जनुकांच्या प्रयोगशाळेत काम करते, तेवढ्यापुरतं सांगते.

या आजारात १५व्या गुणसूत्रावरच्या यूबीई३ए जनुकाची आईकडची प्रत नसते किंवा बिघडलेली असते. वडिलांकडची बहुतेकदा धडधाकट असते, पण चेतापेशींमध्ये ती बंद असते. तुमच्या-माझ्याही मेंदूत ती बंदच आहे. आपलं आईच्या प्रतीवर भागतं, या मुलांचं भागत नाही. म्हणून बोलणं जवळजवळ येत नाही, फिट्स येतात, चालताना तोल जातो, रात्र रात्र झोप नसते.

वडिलांची प्रत दाबून ठेवतो तो उलट दिशेने वाचला जाणारा एक लांबलचक आरएनए, म्हणजे डीएनए वाचून पेशी बनवते ती नक्कल. सुतळी उलगडताना पुढचा पीळ घट्ट होत जातो, डीएनए वाचला जातानाही तेच होतं. हा पीळ सैल करणाऱ्या एन्झाइमला टोपोटेकॅन अडवतं. मग तो आरएनए अर्ध्यावरच तुटतो आणि वडिलांचं जनुक मोकळं होतं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या बेन फिल्पॉट, मार्क झिल्का आणि ब्रायन रॉथ यांच्या गटांनी हे २०११च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये मांडलं. उंदरांच्या मज्जारज्जूतल्या काही पेशींत तर औषध थांबवल्यावरही किमान १२ आठवडे जनुक चालू राहिलं.

(टोपोटेकॅन ज्या कॅम्प्टोथेसिनपासून बनतं, ते शोधणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही ते असतं. त्यापायी त्या झाडांची चोरटी तोड होते ती वेगळीच रडकथा.)

आता अडचण. ते एन्झाइम फक्त त्या एका आरएनएसाठी नसतं. झिल्का-फिल्पॉट यांनीच २०१३मध्ये दाखवलं, की टोपोटेकॅनमुळे चेतापेशींतली २०० किलोबेसपेक्षा (डीएनएच्या दोन लाख अक्षरांपेक्षा) लांब अशी जवळपास सगळी जनुकं मंदावतात, आणि त्यांत ऑटिझमशी जोडलेली बरीच आहेत. म्हणजे एक जनुक सोडवायला जाऊन वाढत्या मेंदूतली कितीतरी दाबायची. वर केमोचे नेहमीचे त्रास, रक्तपेशी घटणं वगैरे, आहेतच.

माझ्या मते या औषधाचं मोल एवढंच, की बंद प्रत उघडता येते हे कळलं. पुढे संशोधन नेमका तोच आरएनए तोडणाऱ्या अँटिसेन्स औषधांकडे वळलं. ही पाठीच्या कण्यातून देतात आणि त्यांच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू आहेत. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना त्यांबद्दल विचारा. जाताना भाचीचा जनुकीय रिपोर्ट घेऊन जा आणि त्यात डिलीशन (गुणसूत्राचा तुकडाच गायब) लिहिलंय की म्युटेशन (जनुकातला बिघाड) ते बघा, कारण चाचणीत कुणाला घ्यायचं हे त्यावरही ठरतं.