पहिली रात्र बोटीतच काढ

दीड वर्ष यार्डात उभी होती ना तुझी बोट? मग फळ्या सुकून आकसल्यात. पाण्यात गेली की गळणारच, घाबरू नकोस. फटींमध्ये घाईने काही कडक कोंबू मात्र नकोस. लाकूड फुगलं की तेच फळ्यांना रेटतं.

आपल्याकडे उधाणाची भरती बघून उतरव, म्हणजे पाणी भरपूर मिळतं. क्रेनचे पट्टे लगेच सोडू देऊ नकोस. आधी आत शिर, पायाखालच्या सुट्या फळ्या उचल, टॉर्च मारून बुडातून बाहेर जाणाऱ्या पाइपांच्या प्रत्येक व्हॉल्व्हभोवती हात फिरव. माझ्या वेळी फळ्यांमधून नुसते थेंब येत होते, खरी धार निघाली एका पाइपाच्या सैल क्लिपमधून! पाणी जिभेला लावून बघ: खारट नसेल तर तुझीच गोड्या पाण्याची टाकी गळतेय. पंप दोन ठेव, शिवाय बादली. गळती दोन-तीन दिवसांत कमी व्हायला हवी. वाढली तर सरळ वर काढ.

डोलकाठीच्या तारा पहिल्याच दिवशी करकचून ताणू नकोस, पाण्यात बोटीचा आकार जरा बदलतो. पहिली फेरी मंद वाऱ्यात, बंदराच्या आतच.

आणि हो, यार्डवाल्याचा शेवटचा हप्ता या फेरीनंतरच दे.