जीपीयू ८७ अंशांवर अडकतोय? ड्रिल हातात घेण्याआधी उष्णता कुठे अडते ते शोधा

तुमचा प्रश्न मला असा कळला. लॅपटॉप तीन वर्षं जुना, ग्राफिक्स चिप (जीपीयू) ११५ वॉटची, खोलीत साधारण २७ अंश. गेम सुरू करून दहा मिनिटं झाली की जीपीयू ८७ वर जाऊन बसतो, क्लॉक (चिपचा वेग) खाली येतो आणि फ्रेम्स (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) घसरतात. उपाय म्हणून खालच्या कव्हरला भोकं पाडायची, लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा द्रवरूप धातू) लावायचं आणि हीट पाइपवर, म्हणजे चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या नळीवर, तांब्याचे छोटे हीटसिंक चिकटवायचे, असं सगळं एकाच दमात करायचा तुमचा विचार आहे.

एकाच दमात मात्र करू नका. तिन्ही गोष्टी एकदम केल्यात तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळणार नाही, आणि तापमान वाढलं तर कशामुळे वाढलं तेही कळणार नाही. त्यातही भोक पाडलेलं कव्हर परत पहिल्यासारखं होत नाही.

चिपमधून निघालेली उष्णता तीन टप्प्यांतून बाहेर पडते. आधी चिपच्या पृष्ठभागावरून थर्मल पेस्टमार्गे (उष्णता वाहणाऱ्या लेपामार्गे) तांब्याच्या प्लेटमध्ये, मग हीट पाइपमधून फिन्सपर्यंत (फॅनसमोरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांपर्यंत), आणि शेवटी फिन्समधून हवेत. यातला एक टप्पा तुंबलेला असेल तर बाकीच्या दोन टप्प्यांवर कितीही मेहनत घेतली तरी हाती काही लागत नाही. म्हणून आधी तुंबलंय कुठे ते बघायचं. त्यासाठी लॅपटॉप उघडावाही लागत नाही.

एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॉट नोंदवणारं सॉफ्टवेअर) चालू करा, रीडिंगचा वेग अर्ध्या सेकंदावर ठेवा, फॅन सेटिंगमधून पूर्ण वेगावर लावा आणि लॉग सुरू करा. लॅपटॉप शांत असताना पाच मिनिटं थांबा, मग जीपीयूवर एकदम पूर्ण लोड (जड गेमसारखं काम) टाका. वीस-पंचवीस मिनिटांनी लोड एका झटक्यात बंद करा आणि आलेख बघा. पहिल्या दोन-तीन सेकंदांतच तापमानाने २५-३० अंशांची उडी मारली आणि लोड काढताच तेवढंच धाडकन खाली आलं, तर चिप आणि प्लेट यांच्यामधला संपर्क बिघडलाय. धातूचा एवढा मोठा हीटसिंक दोन सेकंदांत तापत नाही, त्यामुळे ती उडी म्हणजे पेस्टच्या थरातला फरकच असतो. थोडी उडी निरोगी लॅपटॉपवरही दिसते, तिने घाबरू नका. याउलट उडी लहान असेल आणि मग तापमान मिनिटामिनिटाला चढत जाऊन वर टेकत असेल, तर पेस्ट ठीक आहे आणि फिन्स किंवा हवा कमी पडतेय. याला जोड म्हणून मागच्या जाळीतून येणाऱ्या हवेवर हात धरा. चिप ८७ वर आणि हवा नुसती कोमट, म्हणजे उष्णता फिन्सपर्यंत पोचतच नाहीये: एकतर चिप आणि प्लेटचा संपर्क बिघडलाय, नाहीतर पाइपच निकामी झालाय. हवा चांगली गरम पण जोर नाही, म्हणजे धूळ.

हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सर्वांत गरम जागेचं) तापमान दिसत असेल तर तेही नोंदवा. कोअर (जीपीयूचं नेहमी दिसणारं तापमान) आणि हॉटस्पॉट यांच्यात १०-१५ अंशांचा फरक नेहमीचा असतो. तो २० च्या वर गेला तर प्लेट एका बाजूला नीट टेकत नसावी किंवा पेस्ट मधून सरकून गेली असावी.

आता साधा हिशोब. ८७ मधून खोलीचे २७ वजा केले तर ६० अंश उरतात. ६० भागिले ११५, म्हणजे दर वॉटमागे साधारण अर्धा अंश. या हिशोबाने २० वॉट कमी केले की १० अंश उतरले. प्रोसेसरची उष्णताही त्याच पाइपमध्ये मिसळत असल्यामुळे आकडा ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. पाना-पेचकस न उचलता मिळणारे हे १० अंश सगळ्यात आधी घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

ते मिळतात अंडरव्होल्टने, म्हणजे चिप तोच क्लॉक ठेवून कमी व्होल्टेजवर चालवून. चिप जी वीज खाते तिचा मोठा भाग क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलतो. समजा तुमची चिप ०.९० व्होल्टवर एका ठरावीक क्लॉकला चालते आणि तोच क्लॉक ०.८० व्होल्टवर टिकला, तर हा भाग २१ टक्क्यांनी घटतो, आणि फ्रेम्स जागच्या जागी राहतात. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-क्लॉकची वक्ररेषा उघडते. ०.८० व्होल्टच्या बिंदूला हव्या त्या क्लॉकपर्यंत वर ओढा, त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच पातळीवर सपाट करा आणि लागू करा. उजवीकडचा भाग सपाट करायला बरेच जण विसरतात. मग चिपला मिळालेली मोकळीक ती वरच्या क्लॉकसाठी वापरून टाकते, वीज पुन्हा ११५ वर जाते आणि तापमान हलत नाही. प्रत्येक चिप वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्या कुणाचे आकडे उतरवून घेऊ नका. गेम बंद पडला किंवा चित्रात ठिपके दिसले तर व्होल्टेज एक पायरी वर घ्या. नवी सेटिंग विंडोज सुरू होतानाच आपोआप लागू होईल असं ठेवू नका, आधी काही दिवस रोजच्या गेममध्ये चालू द्या.

दुसरी फुकटची गोष्ट म्हणजे प्रोसेसर. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये निदान एक-दोन हीट पाइप दोन्ही चिपवरून जातात. गेममध्ये प्रोसेसर गरज नसताना टर्बोत (वाढीव वेगात) धावत राहतो आणि त्याची उष्णता जीपीयूच्या वाट्याला येते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो बंद होतो. एकदा तसं करून बघा. जीपीयू पाच-सहा अंश खाली आला तर गुन्हेगार सापडला. पण टर्बो कायमचा बंद ठेवू नका, काही गेममध्ये फ्रेम्स पडतात. प्रोसेसरची वॉट मर्यादा थोडी खाली आणणं जास्त बरं. आणि स्क्रीन १४४ हर्ट्झची असताना गेम १८० फ्रेम्स काढत असेल, तर ड्रायव्हरमधून मर्यादा घाला. न दिसणाऱ्या फ्रेम्ससाठी चिप तापवण्यात अर्थ नाही.

हे करूनही तुमचा आलेख तक्रार करत असेल तर मग लॅपटॉप उघडा. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, कव्हर निघाल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं. यातलं काहीही वगळू नका.

तीन वर्षांत फॅन आणि फिन्सच्या मधे धुळीची घट्ट गादी तयार होते. ती बाहेरून दिसत नाही आणि मागच्या जाळीतून हवा मारून निघतही नाही, उलट आत ढकलली जाते. फॅनचे स्क्रू काढून फॅन बाजूला करा आणि ती गादी चिमट्याने उचला. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन त्याच्या मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खराब होतं. फॅन आणि फिन्स यांना जोडणारी टेप उखडली असेल तर नवी, उष्णता सहन करणारी टेप लावा. तिथून निसटणारी हवा फिन्समधून जातच नाही, आणि ही गळती फार कमी लोक तपासतात.

पेस्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा लिक्विड मेटलचा विचार इथेच येतो. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉप प्रोसेसरसारखं धातूचं झाकण नसतं, उघड्या सिलिकॉनवर तांबं थेट टेकतं. चिप तापते-निवते तशी दोन्ही पृष्ठभागांत बारीक हालचाल होते आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. म्हणून पेस्ट बदलल्यावर पहिला महिना छान जातो आणि मग तापमान गुपचूप परत चढतं. महागडी पण पातळ पेस्ट इथे फसते. माझी पसंती फेज-चेंज पॅडला आहे. हनीवेलचा पीटीएम ७९५० हा त्यातला सर्वाधिक वापरला जाणारा. खोलीच्या तापमानाला तो घट्ट असतो, साधारण ४५ अंशांच्या पुढे मऊ होऊन पृष्ठभागातल्या बारीक खाचा भरतो, आणि सरकून जात नाही. लावण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे फिल्म नीट सुटते. चिपपेक्षा किंचित मोठा कापा, बोट लावू नका. बसवल्यावर लगेचचे आकडे पाहून निराश होऊ नका, तापण्या-निवण्याच्या काही फेऱ्या झाल्यावर तो आपली खरी जाडी धरतो.

लिक्विड मेटल उष्णता यापेक्षा खूप चांगली वाहतं, हे खरं. काही कंपन्या ते कारखान्यातच लावून देतात. पण तिथे चिपभोवती बांध घातलेला असतो आणि प्लेटचा दाब त्या हिशोबाने ठरवलेला असतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये तसं नाही. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला ठिसूळ करतं, द्रव स्वतः विजेचा वाहक आहे, आणि चिपच्या कडेलाच उघडे कॅपॅसिटर आहेत. लॅपटॉप पिशवीत उभा ठेवला जातो, हिसके खातो. फेज-चेंज पॅडच्या तुलनेत मिळणारे थोडे अंश आणि एका थेंबात मदरबोर्ड जाण्याची शक्यता, हा सौदा मला पटत नाही. तुम्हीही करू नये असं मनापासून वाटतं.

हीटसिंक उचलला की मेमरी आणि व्होल्टेज देणाऱ्या भागांवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहणारे मऊ तुकडे) फाटतात. इथे सगळ्यात जास्त लॅपटॉप बिघडतात. मूळ पॅड १ मिलिमीटरचा असताना १.५ चा कडक पॅड बसवला, तर प्लेट वर उचलली जाते आणि चिपला टेकतच नाही. मग मेमरी थंड आणि कोअर आधीपेक्षा गरम! जाडीची खात्री नसेल तर थर्मल पुट्टी वापरा, ती दाबेल तेवढी पसरते. हीटसिंकवरच्या स्क्रूंजवळ आकडे छापलेले असतात. घट्ट करताना त्याच क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा, दोन-तीन फेऱ्यांत. सोडवताना उलट क्रमाने. चिपवर फेज-चेंज पॅड लावण्याआधी थोड्याशा साध्या पेस्टवर एकदा सगळं बसवून, परत उघडून ठसा बघितला तर उत्तम. चिपच्या चारही कोपऱ्यांवर सारखा ठसा आला पाहिजे. बघून झालं की पेस्ट पूर्ण पुसून टाका.

आता भोकं. ती पाडून फायदा होईल का, हे ड्रिलशिवाय कळतं. लॅपटॉप मागून दोन-तीन सेंटिमीटर उचलून आधी चाचणी घ्या. मग खालचं कव्हर पूर्ण काढून, लॅपटॉप कडांवर टेकवून तीच चाचणी घ्या. खाली धातूचं काही नको, फिरत्या फॅनजवळ हात नको, लहान मुलं आसपास नकोत. कव्हर काढल्यावर मिळणारा फायदा म्हणजे भोकांनी मिळू शकणाऱ्या फायद्याची जवळपास कमाल मर्यादा. नुसतं उचलून आणि कव्हर काढून यांत दोन-तीन अंशांचाच फरक असेल तर ड्रिल ठेवून द्या. कधीकधी कव्हर काढल्यावर व्होल्टेजचे भाग आणि एसएसडी उलट जास्त तापतात, कारण कव्हरवरच्या जाळ्या हवेला त्यांच्यावरून फिरवत फॅनकडे नेण्यासाठी बनवलेल्या असतात. फरक आठ-दहा अंशांचा निघाला तरच विचार करा. तेव्हाही फक्त फॅनच्या तोंडासमोरच भोकं, कव्हर पूर्ण वेगळं करून, कीस पुसून, आतून बारीक जाळी लावून. फॅनच्या तोंडाभोवती फोमची पातळ पट्टी लावली तर आतली गरम हवा परत ओढली जात नाही. बऱ्याच लॅपटॉपवर ही पट्टी भोकांइतकंच काम करते, आणि ती काढताही येते.

पाइपवरचे तांब्याचे तुकडे सोडून द्या. तिथे हवा वाहत नाही, त्यामुळे उष्णता जायला जागा नाही. तापमान चढायला थोडा जास्त वेळ लागतो आणि शेवटी त्याच आकड्यावर पोचतं. चिकटवताना पाइपवर दाब देऊन तो चेपला तर नुकसान कायमचं, कारण आतली पोकळी आणि तिच्यातलं थोडंसं द्रव यांच्यावरच पाइप चालतो. हीटसिंकपासून कव्हरपर्यंत थर्मल पॅडचा पूल बांधायची कल्पनाही फिरत असते. त्याने अंश उतरतात, पण कव्हर चटका बसेल इतकं तापतं आणि शेजारच्या बॅटरीचं आयुष्य खातं.

कडेला फोम असलेले, खालून दाबाने हवा भरणारे ब्लोअर स्टँड मात्र खरंच काम करतात. आवाज मोठा असतो, फिल्टर नियमित साफ करावा लागतो. साध्या पंख्यांच्या कूलिंग पॅडकडून, लॅपटॉप उचलला जाण्यापलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नका.

तर आधी लोड टाकतानाचा आणि काढतानाचा लॉग इथे टाका, अंडरव्होल्टच्या आधीचा एक आणि नंतरचा एक. दोन्ही वेळी खोलीचं तापमान लिहा, कारण खोली तीन अंशांनी गरम असेल तर जीपीयूही जवळपास तेवढाच वर दिसतो. कोअर, हॉटस्पॉट, जीपीयूचे वॉट, प्रोसेसरचे वॉट आणि फॅनचा वेग, एवढे रकाने पुरेत. ते पाहून पॅड मागवायचे की नाही आणि कोणत्या जाडीचे, ते ठरवू.