फिल्टरमध्ये चमकी दिसली तर चावी फिरवू नका

यावेळी डिझेल पिकअपवाल्यांचीच पत्रं जास्त आलीत आणि सगळ्यांचं दुखणं फिरून फिरून डिझेलच्या लाईनवरच येतंय, म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवले. चार प्रश्न घेतोय.

प्रश्न: कॉमन रेल इंजिनची डबल कॅब पिकअप आहे, दीड लाखाच्या वर चाललीय. सकाळी पहिल्यांदा दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागतो, मग मात्र दिवसभर एका झटक्यात चालू होते. गॅरेजवाले म्हणतात चारही इंजेक्टर टाका. टाकू का?

अहो थांबा, एवढ्यात नका टाकू. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. इंजेक्टर आतून झिजून रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीला, जास्त डिझेल सोडायला लागले की त्रास बहुतेक वेळा उलटा दिसतो, म्हणजे गाडी गरम असताना चालू व्हायला कुरकुरते कारण गरम डिझेल पातळ होतं आणि आणखी गळतं. तुमची गरम असताना छान चालू होतेय. मग संशय दोघांवर, एक ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिनात सिलिंडर तापवणारी कांडी, आणि दुसरी लाईनमध्ये शिरलेली हवा.

कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. पांढरा धूर येतोय पण इंजिन धरत नाही, म्हणजे डिझेल आत जातंय आणि पेटत नाहीये, तर आधी ग्लो प्लग बघा. धूरच नाही, तर डिझेल आतच जात नाहीये. या इंजिनात रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, साधारण २००-३०० बार प्रेशर झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही, आणि लाईनमध्ये हवा असली की पंप आधी ती हवाच दाबत बसतो, त्यात तुमचे दहा सेकंद जातात.

गंमत अशी की पंप जिथे डिझेल खेचतो त्या बाजूची गळती खाली सांडत नाही, तिथून डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते, त्यामुळे खाली वाकून बघून काही सापडत नाही. सकाळी चावीला हात लावायच्या आधी हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल भरायचा छोटा पंप, कडक होईपर्यंत दाबा आणि मग स्टार्ट करा. लगेच चालू झाली तर रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतंय. मग फिल्टरची ओ-रिंग, प्रायमरचा व्हॉल्व्ह, नळ्यांचे क्विक कनेक्टर हे बघायचं, फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा लावला तर बुडबुडे डोळ्यानेच दिसतात. प्रायमर नसेल आणि टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी दोन-तीनदा नुसती ऑन करून काही सेकंद थांबा, तोच प्रयोग होतो.

एवढं करूनही काही नाही सापडलं तर चारही इंजेक्टरचे रिटर्न वेगवेगळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून मोजायला लावा. एकाच बाटलीत भराभर डिझेल जमत असेल तर तो एकच गेलाय. ही टेस्ट न करता जो चारही टाका म्हणतो तो अंदाजाने बोलतोय, आणि अंदाजाचं बिल तुम्ही भरताय.

प्रश्न: चढावर लोड घेऊन जाताना अचानक पॉवर गेली, चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ००८७ आला. फिल्टर बदलला, आठवडाभर बरी चालली, परत तेच. आता काढलेल्या फिल्टरच्या तळाशी बारीक चकचकीत काहीतरी दिसतंय. काम अडलंय, चालवू का?

नका चालवू. काम अडलंय हे कळतंय मला, पण नका चालवू.

पी ००८७ चा अर्थ फक्त एवढाच की रेलमध्ये मागितलं तेवढं प्रेशर मिळत नाहीये. ते चोक झालेल्या फिल्टरने होतं, टाकीतला पंप कमजोर झाल्याने होतं, रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्ह गळत असला तरी होतं, आणि नुसता कोड असता तर मी तुम्हाला याच क्रमाने स्वस्ताकडून महागाकडे जा म्हणालो असतो. पण तुम्ही चमकी लिहिलीत, तिथे विषय बदलला.

फिल्टरच्या बाऊलमधलं डिझेल एका स्वच्छ पांढऱ्या ताटलीत ओता आणि उन्हात धरा. काळपट, चिकट, तपकिरी गाळ असेल तर तो टाकीतला गंज, पाणी, बुरशी, त्याचा इलाज टाकी धुण्याने होतो. पण ताटली हलवल्यावर चंदेरी कण पाण्यातल्या मासळीसारखे एकदम लकाकून जात असतील तर तो धातूचा कीस आहे. ताटलीखालून चुंबक फिरवा, कण मागे मागे यायला लागले तर पोलाद. नाही आले तरी खूश होऊ नका, काही पंपांची बॉडी अॅल्युमिनियमची असते आणि ते चुंबकाला चिकटत नाही. मग हाय प्रेशर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह, काढून बघा, त्याच्यावर किंवा त्या भोकात तीच चमकी दिसली तर पंप स्वतःला खातोय हे नक्की.

असं का होतं तर या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. सल्फर कमी करताना डिझेलचा बुळबुळीतपणाही कमी होतो, म्हणून रिफायनरीत वर ॲडिटिव्ह घालावं लागतं. युरोपच्या स्टँडर्डमध्ये घर्षणाच्या टेस्टमध्ये धातूवर पडणारा व्रण ४६० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत हवा, अमेरिकेच्या स्टँडर्डमध्ये ५२० पर्यंत चालतो. त्यात पाणी किंवा हवा किंवा पेट्रोल मिसळलं की पंप कोरडा घासायला लागतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बॉशचा सीपी४ पंप. त्यात कॅमवर एक रोलर फिरतो, तो ज्या टॅपेटमध्ये, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या वाटीत, बसलाय तो टॅपेट स्वतःच्या जागेत किंचित वळला की रोलर कॅमवर आडवा होतो, फिरायचा थांबतो आणि रंधा मारल्यासारखा कॅम तासायला लागतो. आधीच्या सीपी३ मध्ये हा रोलरच नाही, तीन पिस्टन आणि मजबूत बांधणी, त्यामुळे जुने लोक अजून त्याचं नाव घेतात. अमेरिकेत रॅमच्या कमिन्स इंजिनवाल्या २०१९ आणि २०२० च्या हेवी ड्युटी पिकअपना सीपी४ लावला होता, २०२१ मध्ये दोन लाखांवर गाड्या रिकॉल झाल्या आणि परत सीपी३ बसवायची पाळी आली. म्हणजे दर वेळी ड्रायव्हरचाच दोष असतो असं काही नाही.

आता चालवू नका का म्हणालो ते. पंपाचा कीस रेलमध्ये जातो, तिथून इंजेक्टरमध्ये, आणि रिटर्नमधून परत टाकीत. इंजेक्टरच्या आतली फट दोन-चार मायक्रॉनची, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, यावरून काय ते समजा. एखादा इंजेक्टर उघडाच अडकला तर त्या सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं जातं आणि पिस्टनला भोक पडू शकतं, मग इंजिनच गेलं. म्हणून टो करून न्या, आणि नुसता पंप बदलून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. पंप, रेल, हाय प्रेशर पाईप, इंजेक्टर, फिल्टर सगळं बदलायचं आणि टाकी उतरवून धुवायची, रिटर्न लाईनसकट. नाहीतर जुना कीस नव्या पंपालाही खातो.

जाता जाता माझा एक गाढवपणा सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत नवा फिल्टर बसवताना लवकर चालू व्हावी म्हणून मी कॅनमधलं डिझेल थेट मधल्या भोकातून भरायचो. मधलं भोक म्हणजे फिल्टरची स्वच्छ बाजू, म्हणजे मी न गाळलेलं डिझेल स्वतःच्या हाताने सरळ पंपाला पाजत होतो, आणि वर कौतुक की बघा कशी लगेच चालू झाली. एका पंपाचे पैसे भरल्यावर अक्कल आली. फिल्टर कोरडा बसवा आणि प्रायमरने भरा.

प्रश्न: डिझेल पिकअपमध्ये चुकून दहा-बारा लिटर पेट्रोल गेलं. वरून डिझेल भरून पातळ केलं तर चालेल का?

नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या काळातला सल्ला आहे तो, कॉमन रेलला लागू नाही. चावी ऑनसुद्धा करू नका, टाकीतला पंप चालू होऊन पेट्रोल पुढे जातं. जागेवरच टाकी रिकामी करून घ्या. थोडी चालवून झाली असेल तर लाईन धुवून, फिल्टर बदलून वरची ताटलीची टेस्ट करा.

प्रश्न: इंजेक्टरच्या पाईपच्या नटाजवळ डिझेल पाझरतंय. इंजिन चालू ठेवून हाताने चाचपून कुठून येतंय ते बघितलं तर पटकन आवळता येईल ना?

हा प्रश्न वाचून खरंच अंगावर काटा आला. त्या पाईपमध्ये १६०० ते २००० बारपर्यंत, काही गाड्यांत त्याहूनही जास्त प्रेशर असतं. तेवढ्या प्रेशरने निघालेली केसासारखी धार ग्लोव्हजमधून आणि कातडीतून आरपार जाते. सुरुवातीला दुखतही नाही फारसं, सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि माणूस हात पुसून कामाला लागतो, पण आत डिझेल पसरून काही तासांत बोट काळं पडायला लागतं, बोटं कापायची वेळ आलेली माणसं आहेत.

गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा लांब तुकडा फिरवा, डोळ्यावर चष्मा. आवळायचं ते इंजिन बंद करून, दहा मिनिटं थांबून, आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. तरी पाझरलंच तर पाईप नवा टाका, बऱ्याच कंपन्या हा पाईप एकदा खोलला की परत वापरू नका असंच सांगतात. आणि चुकून हाताला टोचलंच तर, दुखत नसलं तरी, लगेच हॉस्पिटल गाठा आणि तिथे जखम झाली एवढंच सांगू नका, डिझेल हाय प्रेशरने आत गेलंय हे स्पष्ट सांगा, कारण वरून बघून डॉक्टरलाही तो नुसता ठिपकाच दिसणार.