पाटीवर इंटरनॅशनल, पण बोर्ड कुठलं?

प्रश्न : नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो, मुलगी यंदा तिसरीत जाईल. आमच्या अपार्टमेंटमधल्या दोघातिघांनी पोरांना हायवेकडच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये घातलंय. फी आत्ताच्या शाळेच्या डबलपेक्षा जास्त आहे. सासूबाई म्हणतात आहे ती शाळा काय वाईट. मुलगी डॉक्टर होणार म्हणते. या शाळांत वेगळं काय शिकवतात, आणि तिला घालावं का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी शाळेत जाऊन एकच विचारा, बोर्ड कुठलं? पाटीवर इंटरनॅशनल आणि आत सीबीएसई किंवा स्टेट बोर्ड असं बऱ्याच ठिकाणी असतं, त्यात चुकीचं काही नाही, पण मग डबल फी कशाची ते तुम्हाला कळायला पाहिजे की नको?

या शाळा मुळात कुणासाठी निघाल्या ते बघा. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात राष्ट्रसंघाची आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची ऑफिसं आली, देशोदेशीचे अधिकारी बायकापोरांसकट तिथं राहायला आले, आता पोरांना घालायचं कुठल्या शाळेत? म्हणून 1924 साली तिथं इंटरनॅशनल स्कूल सुरू झाली. कमला नेहरूंच्या उपचारासाठी नेहरू कुटुंब 1926 मध्ये जिनिव्हाला गेलं तेव्हा लहान इंदिरा याच शाळेत जात होती. पण पुढं अडचण आली ती शेवटच्या वर्षांत, कारण प्रत्येक देशाच्या युनिव्हर्सिटीला आपापली परीक्षा पाहिजे, मग एकाच वर्गातली पोरं वेगवेगळ्या परीक्षांच्या मागं. त्यावर मास्तर लोकांनीच खटपट करून सगळीकडं चालेल अशी एक परीक्षा उभी केली, ती इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, साल 1968. भारतात ती पहिल्यांदा आली कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलमध्ये, 1976 ला, आणि ती शाळासुद्धा 1901 मध्ये मिशनरी लोकांच्या पोरांसाठीच निघालेली. थोडक्यात, ज्यांच्या आईबापांची देशोदेशी बदली होते त्यांची ही सोय होती.

आता आयबीत लहान पोरांना पीवायपी म्हणजे प्राथमिक टप्पा, मग एमवायपी म्हणजे मधला टप्पा, आणि अकरावी-बारावीच्या जागी डिप्लोमा. खरी मजा डिप्लोमात आहे. सहा विषय, प्रत्येकी 7 गुण, निबंधासारख्या जादा कामाचे 3 धरून एकूण 45. हा निबंध जास्तीत जास्त 4,000 शब्दांचा, विषय पोरानं स्वतः शोधायचा. समजा आपल्याकडच्या पोरीनं घेतलं की शेतकरी ऊस गुऱ्हाळाला घालतो की कारखान्याला आणि का, तर तिला करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावर जाऊन बसावं लागणार, मार्केट यार्डातला गुळाचा दर आणि कारखान्याची एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) दोन्ही मांडून हिशोब करावा लागणार, आणि शेवटी स्वतःचं मत पुराव्यानं सांगावं लागणार. मला ही पद्धत मनापासून आवडते, आपल्या प्रत्येक शाळेत हे व्हायला पाहिजे आणि त्याला काही परदेशी बोर्ड लागत नाही.

पण तुमची लेक डॉक्टर होणार म्हणते ना, मग हे नीट वाचा. मेडिकलच्या प्रवेशाची जी नीट (NEET) परीक्षा असते तिला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात आणि डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत यातले दोनच बसतात, तिसऱ्यासाठी शाळेला वेगळी परवानगी घ्यावी लागते. डिप्लोमा आपल्याकडं बारावीच्या बरोबरीचा धरतात, पण मे महिन्याच्या परीक्षेचा रिझल्ट आपल्या बारावीपेक्षा उशिरा, जुलैत लागतो आणि नीटचा क्लास वेगळा लावावा लागतो तो लागतोच. म्हणून माझं मत विचाराल तर आत्ता शाळा बदलू नका. बदलायचीच असेल तर आयबीच्या वेबसाइटवर शाळेचं नाव आहे का बघा. ‘कँडिडेट’ लिहिलं असेल तर मान्यता अजून मिळालेली नाही. आणि मराठी कोण शिकवतं तेही विचारा, 2020 च्या कायद्यानं ती पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांना सक्तीची आहे. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं त्या गावात फीवरून शाळेची पारख व्हावी हे मला बरं वाटत नाही. सासूबाईंचं ऐका.

प्रश्न : पुतणी दहावीत आहे, हुशार आहे, परदेशात शिकायचं म्हणते. घरची परिस्थिती बेताची. तिच्यासाठी असं काही आहे का? – काका, कागल

उत्तर : आहे की. पुण्याजवळ मुळशीत महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, 1997 पासून. दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा, राहणं तिथंच, आणि शेजारच्या खोलीत कुठल्या कुठल्या देशाची पोरं. तिथं घरची ऐपत बघून स्कॉलरशिप देतात. भारतातल्या पोरांची निवड त्यांची नॅशनल कमिटी करते, त्यात नुसते मार्क बघत नाहीत, मुलाखत असते, शाळेबाहेर काय केलं तेही विचारतात. फॉर्म दहावीचं वर्ष चालू असतानाच निघतो, रिझल्टची वाट बघत बसलात तर संधी गेली, तेव्हा या आठवड्यातच तिला वेबसाइट उघडून द्या.